दिवा गेला, तोरा राहिला

मंत्रिमंडळाचा विस्तार जाहीर झाला की ‘लाल दिव्याची गाडी कोणाला?’ यावर गावोगावच्या पारांवर पैजा लागत. हा दिवा कोणाच्या गाडीवर लागेल, हे केंद्र आणि राज्य सरकारं केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 108 च्या आधारे ठरवत. साहजिकच याद्या फुगत गेल्या. लाल दिवा फक्त उच्च घटनात्मक पदांपुरताच ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 10 डिसेंबर 2013 रोजी बजावलं. अखेर 19 एप्रिल 2017 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ही सवलतच काढून टाकली आणि 1 मेपासून राष्ट्रपती आणि पंतप्रधानांच्या गाड्यांवरचेही दिवे उतरले. रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि पोलिसांचे दिवे राहिले. ते कामाचे, मानाचे नव्हेत.

हौस मात्र अशी अधिसूचनेने फिटत नाही. 2024 मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी ऑडीवर अंबर दिवा आणि ‘महाराष्ट्र शासन’ अशी पाटी झळकली. स्वतंत्र दालन हवं, शिपाई हवा, अशा मागण्या झाल्याचं जिल्हाधिकाऱ्यांच्या अहवालात होतं. अजून प्रशिक्षणही पुरं व्हायचं होतं! जुलैमध्ये वाशीमला बदली झाली. गाजावाजा झाला म्हणून झाली, एरवी कोण विचारतो?

खासगी गाडीवर असा दिवा दिसला, तर वाहतूक पोलिसांकडे बेलाशक तक्रार करा. साहेब कोण आहेत, हे बघायचं कारण नाही.