प्रवाळांचा पांढरा रंग

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्र सोडून कलकत्त्यास आलेल्या माणसाचे लक्ष येथील सुवासिनींच्या हातांकडे सहज जाते. शंखाच्या शुभ्र बांगडीशेजारी एक तांबडीलाल बांगडी असते; तिला 'पोला' म्हणतात. आपल्याकडे मंगळसूत्रातील काळ्या मण्यांना जो मान, तोच येथे या जोडीला. पोला म्हणजे पोवळे. आज तो बहुधा लाखेचा किंवा प्लास्टिकचा असतो. पण नाव आणि रंग पोवळ्याचाच राहिला आहे. आपल्याकडेही पोवळे नवरत्नांत बसले, मंगळाच्या अंगठीत बसले, आणि भस्म होऊन वैद्यांच्या बाटलीतही गेले.

हे दागिन्यांतील लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येत असे. आज मला बोलावयाचे आहे ते त्याच्या दूरच्या भावंडांविषयी. उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात चुनखडीच्या प्रचंड भिंती उभारणारे प्रवाळ ते हे. माझ्या वडिलांच्या मेजावर कागद उडू नयेत म्हणून अशाच प्रवाळाचा एक तुकडा ठेवलेला असे. कोणा स्नेह्याने फार वर्षांपूर्वी तो अंदमानाहून आणला होता. खडबडीत, असंख्य छिद्रांचा आणि पांढराशुभ्र. प्रवाळ पांढरेच असते, अशी माझी त्यामुळे लहानपणापासून समजूत झाली. ती किती चुकीची होती, हे पुढे ओघाने येईलच.

'प्रवाल' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ कोवळा अंकुर असा आहे. प्रवाळाच्या फांद्या पाहून पूर्वजांना वनस्पतीची आठवण झाली असावी. रत्नपारख्याने त्याला खडा मानले. प्राणिशास्त्रज्ञाने सांगितले की हा प्राणी आहे. गंमत अशी की, भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांपुरते पाहिले तर तिघेही खरे ठरतात. पॉलिप नावाचा, बहुधा काही मिलिमीटरचा, मऊ देहाचा प्राणी तेथे वसाहत करून राहतो. त्याच्या पेशींत अतिसूक्ष्म शैवले वस्ती करतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. कित्येक प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी मिळते. मोबदल्यात शैवलांना आसरा आणि खत मिळते. या शिदोरीच्या बळावर पॉलिप समुद्राच्या पाण्यातील चुना वेचून आपल्या बुडाशी दगडी घर बांधतो. प्राणी, वनस्पती आणि पाषाण यांचा हा एकत्र संसार आहे. प्रवाळांचे तपकिरी, हिरवट, पिवळसर रंग प्रामुख्याने या शैवलांचेच असतात.

समुद्राच्या उष्म्याचा आघात होतो तो प्राणी आणि वनस्पती यांच्या नात्यावर. प्रवाळ आपल्या ठिकाणच्या उन्हाळ्याला सरावलेले असतात. परंतु त्या उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी केवळ एक अंशाने अधिक तापले आणि चार आठवडे तसेच राहिले, तरी हा संसार मोडू लागतो. अतिउष्ण पाण्यात, प्रखर प्रकाशात शैवलांचे कार्य बिघडून ऑक्सिजनची विषारी रूपे निर्माण होतात, आणि पॉलिप आपल्या अन्नदात्यालाच घराबाहेर काढतो. त्याचा देह पारदर्शक असल्यामुळे खालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही; तो उपाशी असतो. काही आठवड्यांत पाणी निवले तर शैवले परततात. न निवले तर मृत्यू ठरलेला.

मेजावरच्या त्या तुकड्याचा अर्थ मला येथे उमगला. मी ज्याला प्रवाळाचा रंग समजत होतो, तो त्याच्या हाडांचा रंग होता.

असे उष्म्याचे फेरे पूर्वी क्वचित येत. १९९८ साली जगभर प्रवाळांचे विरंजन झाले, त्यात आपल्या लक्षद्वीपची मोठी हानी झाली. २०१० साली अंदमानातील प्रवाळ पांढरे पडले. २०१६ साली आणि पुन्हा २०२४ साली लक्षद्वीपवर तीच पाळी आली. उद्ध्वस्त प्रवाळभित्तीला सावरण्यास दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आणि येथे एक आजार उतरतो न उतरतो तोच दुसरा उभा राहतो. घाव एकेकटा सोसवला असता. दोन घावांमधला अवधी संपत चालला, हे खरे संकट आहे.

दुसरा आघात दगडी घरावर होतो. आपण कोळसा व तेल जाळून जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. सोडावॉटरच्या बाटलीत हाच वायू कोंडलेला असतो आणि त्यानेच तिला किंचित आंबटपणा येतो. समुद्र काही आंबट झालेला नाही. तो आजही अल्कधर्मीच आहे. परंतु त्याचा पीएच औद्योगिक युगापूर्वी सुमारे ८.२ होता, तो आता ८.१ च्या आसपास आला आहे. फरक क्षुल्लक वाटेल. पण हे मापच असे आहे की एवढ्या उतारात आम्लतेचे कण सुमारे तीस टक्क्यांनी वाढतात. हे कण पाण्यातील कार्बोनेटला गाठून बांधून टाकतात, आणि नेमक्या त्याच कार्बोनेटची प्रवाळाला बांधकामासाठी गरज असते. गवंड्याचा चुना मध्येच कोणी उचलून न्यावा, तसे हे आहे. लाटा, भोके पाडणारे जीव आणि प्रवाळ कुरतडणारे मासे भित्ती झिजवीतच असतात. बांधकाम झिजेच्या पुढे राहिले तरच भित्ती टिकते. उपाशी गवंडी आणि अपुरा चुना, अशी ही दुहेरी अडचण आहे.

याची झळ कोणाला? समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला नाही. तरी समुद्रातील सुमारे चतुर्थांश जीवजाती त्यांच्या आश्रयाला असतात. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांवरच उभी आहेत. तेथे भित्ती लाटांचे बळ मोडते म्हणून मागची वस्ती निर्धास्त झोपते. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, आणि तेथेही विरंजनाची नोंद झाली आहे. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, पाण्याखाली एक विस्तीर्ण प्रवाळमय उंचवटा आहे. त्याला कान्होजी आंग्रे यांच्यावरून 'आंग्रिया बँक' म्हणतात. तेव्हा हा विषय परक्या समुद्राचा नव्हे.

कलकत्त्याचा या कथेशी दुहेरी संबंध आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ साली येथेच स्थापन झाली, आणि आपल्या समुद्रांतील प्रवाळांची ओळख पटविण्याचे काम तिचे अभ्यासक करीत आले आहेत. परंतु याच नगरीच्या पाठीशी राणीगंजच्या खाणी आहेत. तेथे १७७४ साली कोळसा काढण्यास आरंभ झाला, आणि पुढे त्यावर हुगळीकाठच्या तागाच्या गिरण्या धडधडल्या. कार्बन डायऑक्साइडचा काही अंश शेकडो वर्षे हवेत टिकतो. त्या भट्ट्यांच्या धुराचा वाटा आजही आपल्या माथ्यावर आहे. इतर राष्ट्रांनी याहून कितीतरी अधिक धूर सोडला, हे खरे. पण आपण निव्वळ प्रेक्षक नाही, हेही खरेच.

२००१ पासून भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना आपल्या वन्यजीव कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. मन्नारच्या आखातात आणि अन्यत्र प्रवाळांची पुनर्लागवडही चालते. हे प्रयत्न मोलाचे आहेत. त्यांनी वेळ मिळतो. मी स्वतः कायदे-नियमांच्या कागदांत दिवस घालविणारा माणूस आहे; म्हणून नम्रपणे सांगतो की, प्रवाळ तोडणाऱ्याचा हात कायद्याने धरता येतो, पण कलमाने समुद्र निवत नाही. जागतिक तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी सत्तर ते नव्वद टक्के प्रवाळभित्ती ऱ्हास पावतील, आणि दोन अंशांवर गेली तर जवळजवळ सर्वच, असा अंदाज शास्त्रज्ञांच्या आंतरशासकीय मंडळाने २०१८ साली दिला. या दोन आकड्यांमधला अर्धा अंश म्हणजे उरलेल्या प्रवाळांचे आयुष्य. तो राखावयाचा तर धूर कमी करणे, हाच मूळ उपाय होय.

वडिलांच्या मेजावरचा तो तुकडा आता माझ्या मेजावर आहे. परवा माझ्या मुलीने विचारले, "बाबा, हे असेच पांढरे असते का?" मी तिला म्हटले, "नाही, जिवंत असताना ते रंगीत असते." ते पाहावयास तिला समुद्रात नेण्याचे मी कबूल केले आहे, आणि त्यास फार उशीर करून चालणार नाही, हेही मला ठाऊक आहे.