‘अवघा रंग’ आपण ऐकतो, पण चाल कोणाची?

आषाढी जवळ आली की सोलापूर जिल्ह्यात ‘अवघा रंग एक झाला’ हा अभंग सगळीकडे ऐकू येतो. शब्द संत सोयराबाईंचे आहेत आणि आवाज किशोरी आमोणकरांचा, एवढे बऱ्याच जणांना माहीत असते. त्याची चालही किशोरीताईंनीच बांधली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्याकडे बाईला ‘गायिका’ म्हणायला कोणाची हरकत नसते. ‘संगीतकार’ किंवा ‘रचनाकार’ म्हणताना मात्र जीभ अडखळते. गाणे ही देणगी मानली जाते आणि रचना हे बुद्धीचे काम समजले जाते. बुद्धीचे काम कोणाच्या नावावर लावायचे, हे या देशात जात आणि लिंग पाहून ठरत आले आहे. म्हणून किशोरीताईंकडे रचनाकार म्हणून पाहणे आपल्या चळवळीच्या दृष्टीनेही गरजेचे आहे.

कुर्डीची मोगूबाई

किशोरीताईंच्या आई मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ साली गोव्यातल्या कुर्डी गावी झाला. पुढे साळावली धरणात हे गाव बुडाले. आजही उन्हाळ्यात पाणी ओसरले की तिथली जोती उघडी पडतात. मोगूबाई कलावंत समाजातल्या. पिढ्यान्‌पिढ्या देवळाशी बांधलेल्या या समाजातल्या स्त्रियांनी गायचे, नाचायचे, देवाची सेवा करायची. पण लग्नाचा आणि प्रतिष्ठेचा अधिकार त्यांना नाही, अशी ही व्यवस्था होती. कला त्यांची आणि मान दुसऱ्यांचा. पुढे याच समाजाने गोमंतक मराठा समाज या नावाने संघटन उभारले, शिक्षणाचा आग्रह धरला आणि ही प्रथा मोडून काढली.

मोगूबाई लहान असतानाच त्यांची आई गेली. नाटक कंपनीत काम करून त्या सांगलीला आल्या. तिथे अल्लादियाखाँसाहेबांनी त्यांचे गाणे ऐकले आणि त्यांना शिकवायला सुरुवात केली. पुढे मुंबईत कष्टाने शिकत त्यांनी जयपूर घराण्यात आपले स्थान मिळवले. पतीच्या निधनानंतर तीन मुलांना गाण्याच्या बळावर वाढवले. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

एवढ्या मोठ्या कलावंताला मैफलींच्या दौऱ्यांवर मिळणारी दुय्यम वागणूक लहानग्या किशोरीने डोळ्यांनी पाहिली. मुलाखतींमध्ये त्यांनी हे स्वतः सांगितले आहे. पुढे किशोरीताई ‘रागीट’, ‘लहरी’ म्हणून गाजल्या. श्रोते बोलत असतील तर त्या गाणे थांबवत, आयोजकांना सुनावत. वर्तमानपत्रांनी याचे किस्से केले. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला त्यात दुसरेही काही दिसते. आईच्या वाट्याला जे आले ते आपल्या वाट्याला येऊ द्यायचे नाही, हा तो निर्धार होता. पुरुष उस्तादाने मैफलीत शिस्त मागितली की तो करारीपणा ठरतो. बाईने मागितली की तिचा स्वभाव वाईट ठरतो.

रचनाकार किशोरीताई

किशोरीताईंनी आईकडून जयपूर घराण्याची काटेकोर तालीम घेतली. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही त्या शिकल्या. मधल्या काळात आवाज गेल्यामुळे त्यांचे गाणे थांबले. परत आल्या त्या नवा विचार घेऊन. घराण्याची चौकट मोडल्याची टीका त्यांच्यावर झाली. रागाचा भाव आधी आणि घराणे नंतर, या मतावर त्या ठाम राहिल्या.

त्यांनी बंदिशी बांधल्या. भूप रागातली ‘सहेला रे’ ही त्यांची बंदिश आज देशभर गायली जाते. बंदिशीला स्थायी आणि अंतरा असे दोनच छोटे भाग असतात. त्या चार-सहा ओळींत रागाचे सगळे चलन बसवावे लागते, म्हणजे गाणाऱ्याला त्यावरून तासभर विस्तार करता येतो. हे घर बांधण्याआधी नकाशा काढण्यासारखे काम आहे. ‘म्हारो प्रणाम’मधल्या मीरेच्या भजनांना चाली त्यांच्याच. गोविंद निहलानींच्या ‘दृष्टी’ (१९९०) या चित्रपटाचे संगीतही त्यांचे. ‘स्वरार्थरमणी’ या ग्रंथात त्यांनी राग आणि रस यांचा सिद्धान्त मांडला. १९८७ साली पद्मभूषण आणि २००२ साली पद्मविभूषण त्यांना मिळाले. ३ एप्रिल २०१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

सोयराबाईंची सही

आता परत ‘अवघा रंग’कडे येऊ. सोयराबाई या चोखोबांच्या पत्नी. हे कुटुंब आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी, देवळाच्या बाहेर आहे. ज्या देवळाच्या पायरीशी त्यांना थांबवले गेले, ते अस्पृश्यांसाठी खुले व्हायला १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. सोयराबाई आपल्या अभंगांखाली ‘चोख्याची महारी’ अशी सही करतात. नवऱ्याचे नाव आणि जात, समाजाने एवढीच ओळख दिली होती. तीच वापरून त्यांनी आपले कर्तेपण नोंदवले. विटाळावाचून कोणाचा देह जन्मला, हा प्रश्न त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी विचारला.

आपण बौद्ध आहोत, मग विठ्ठलाचा अभंग कशाला ऐकायचा, असे काही तरुण मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. आपण २२ प्रतिज्ञा घेतल्या आहेत आणि देवभक्तीकडे परत जाण्याचा प्रश्नच नाही. पण बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. देव नाकारणे आणि आपल्या पूर्वजांचे कर्तृत्व नाकारणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

किशोरीताई आंबेडकरी चळवळीच्या नव्हत्या. त्यांची भाषा अध्यात्माची होती. त्यांना ओढून आपल्या रांगेत बसवण्याची गरज नाही. तरीही एका महार कवयित्रीच्या शब्दांना कलावंत समाजातल्या आईच्या लेकीने भैरवीची चाल दिली आणि ते गाणे घराघरात गेले, ही आपल्या सामाजिक इतिहासातली मोठी घटना आहे.

हार्लेममधली तानिया

हे फक्त भारतात घडले असे नाही. तानिया लिओन यांचा जन्म १९४३ साली क्युबातल्या हवाना शहरात झाला. त्यांच्या घराण्यात आफ्रिकी, स्पॅनिश, फ्रेंच, चिनी असे सगळे रक्त मिसळलेले. १९६७ साली त्या न्यूयॉर्कला आल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आर्थर मिचेल यांनी १९६९ साली काळ्या वस्तीत ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ उभे केले. तानिया त्याच्या पहिल्या संगीत दिग्दर्शक झाल्या. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी क्युबात जपलेली बाता ढोलांची लय त्यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या रचनांत आणली. वोले सोयिंका यांच्या नभोनाट्यावर त्यांनी ऑपेरा रचला. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या शताब्दीनिमित्त लिहिलेल्या ‘स्ट्राइड’ या रचनेला २०२१ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. ‘कृष्णवर्णी स्त्री संगीतकार’ असे लेबल त्यांना मान्य नाही. त्या स्वतःला केवळ संगीतकार म्हणवतात. लेबल नको, हा त्यांचा हक्क आहे. पण त्या जागी पोहोचायला त्यांच्यासारखीला इतका वेळ का लागला, हा प्रश्न समाजाला विचारावाच लागतो.

आपण काय करायचे?

१६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब देवदासी, मुरळी, जोगतिणींसमोर बोलले. अपमानाचे जिणे सोडा, असे त्यांनी त्यांना सांगितले. सोडायची होती ती गुलामी. कलेवरची मालकी सोडायची नव्हती. मोगूबाईंनी आणि किशोरीताईंनी हेच करून दाखवले.

आपल्या घरातही रचनाकार बाया होत्या. जात्यावर भीमाच्या ओव्या रचणाऱ्या आज्या आपल्या वस्त्यांमध्ये अजून आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या बायांची नावे नोंदवली. हे काम आपल्या तरुणांनी आपल्या गल्लीपासून सुरू करावे. फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करा. ओवी कोणी रचली, कोणाकडून ऐकली, गाव कोणते, हे सगळे लिहून ठेवा. नाव छापायचे असेल तर त्या आजीला आधी विचारा. जयंतीच्या कार्यक्रमात गाणे झाले की गायकाबरोबर गीतकाराचे आणि चाल बांधणाऱ्याचेही नाव माईकवरून सांगा. सोयराबाईंनी सही केली म्हणून त्या आज आपल्याला सापडतात. ज्यांना सही करता आली नाही, त्यांच्यासाठी ती आता आपण करायची आहे.