देणाऱ्यांचं गाव (लेखांक ६) : शांततेसाठी मूठभर धान्य

गेल्या आठवड्यात आपण कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दल बोललो : २०१३चा कायदा, नफ्यातले दोन टक्के, आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या शाळेच्या खोल्या. आज अगदी दुसऱ्या टोकाला जाऊ.

पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. शेजारच्या रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले. वाटा वेगळ्या, अनुयायीही वेगळे. पण दिल्यावर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नातं काय उरतं, याचा विचार दोघांनीही केला.

भूदान सगळ्यांना ठाऊक आहे. १८ एप्रिल १९५१, पोचमपल्ली : दलित कुटुंबांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली, जमीनदार रामचंद्र रेड्डींनी १०० देऊ केली. तेलंगणात तेव्हा जमिनीपायी रक्त सांडत होतं, हे विसरलं की या दानातला शांततेचा भाग निसटतो. पुढे देशभरातून मिळालेल्या लाखो एकरांपैकी बरीच जमीन वाटलीच गेली नाही, हेही सांगायला हवं.

मला अधिक मोलाचं वाटतं ते सर्वोदय पात्र. १९५७ साली विनोबांनी केरळात शांतिसेना सुरू केली. पाच हजार वस्तीमागे एक शांतिसैनिक. एरवी लोकांची सेवा करायची, दंगल पेटली की मध्ये जाऊन उभं राहायचं. त्याचं पोट कोणी भरायचं? घरोघरी एक भांडं ठेवायचं आणि घरातल्या लहान मुलानं त्यात रोज मूठभर धान्य टाकायचं. धान्य किती जमलं यापेक्षा किती घरांतून आलं, याला महत्त्व. सगळ्या घरांचं खाणारा माणूस एका घराचा मिंधा नसतो, आणि मध्यस्थाकडे एवढं एकच भांडवल असतं.

आठवल्यांच्या योगेश्वर कृषीत गावकरी पाळीपाळीनं देवाच्या शेतात राबतात. उत्पन्न देवाचं, गरजूच्या घरी ते प्रसाद म्हणून गाजावाजा न करता पोचतं. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. मात्र ही गरज मुळात का पडली, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही.

पेण-रोह्यात तो विचारावाच लागतो. इथली कितीतरी कातकरी कुटुंबं आधी उचल घेतात आणि मग वीटभट्टीवर राबून ती फेडतात. अनेक वाड्यांखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. दिवाळीत फराळ आणि ब्लँकेटं वाटून फोटो काढणारे पुष्कळ येतात (ब्लँकेट नको असं कुणी म्हणत नाही). मोजणीची फी, वकिलाचा खर्च, तहसील कचेरीचे हेलपाटे यांना मात्र देणगीदार मिळत नाही, कारण त्यात गावातलंच कुणीतरी दुखावतं. धाटावच्या एखाद्या कारखान्याच्या पैशावर चालणारी संस्था कुंडलिका नदीच्या पाण्याबद्दल किती मोठ्यानं बोलेल?

म्हणून न्यायाच्या कामाला एका मोठ्या धनादेशापेक्षा शंभर घरांचे पन्नास-पन्नास रुपये बरे. असे पैसे गोळा करणं कटकटीचं, हिशेब ठेवणं त्याहून. तरी देणगी देण्याआधी संस्थेला एवढं विचारा : हिशेबाच्या बैठकीला वाडीतली माणसं बसतात का?

पुढच्या आठवड्यात महाड. डिसेंबर १९२७मध्ये डॉ. आंबेडकरांच्या परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा आपली जागा देणारे फत्तेखान.