विश्लेषण : ख्रिस्ती श्रद्धेची किंमत... कायद्यात किती, गावात किती?

गोंदियाहून आमगाव, सालेकसा, दरेकसा मागे टाकत गाडी छत्तीसगडात शिरते आणि राजनांदगावनंतर दुर्गला पोहोचते. २५ जुलै २०२५ रोजी याच दुर्ग स्थानकावर केरळच्या दोन नन आणि एका आदिवासी तरुणाला अटक झाली. नारायणपूर जिल्ह्यातील तीन तरुणी नोकरीसाठी त्यांच्यासोबत आग्र्याला निघाल्या होत्या. बजरंग दलाच्या तक्रारीवरून मानवी तस्करी आणि सक्तीच्या धर्मांतराचा आरोप ठेवला गेला. तरुणींच्या घरच्यांनी मात्र, आपल्या संमतीनेच त्या निघाल्या होत्या, असे सांगितले. २ ऑगस्टला बिलासपूरच्या एनआयए न्यायालयाने तिघांना जामीन दिला. तोवर आठवडाभर तुरुंगवास झाला होता.

याच मार्गावर टिळकांचे काय झाले?

१८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात भेटलेल्या परदेशी प्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि ‘दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल’ असे भाकीतही केले. डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन टिळक थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्यावर खटला झाला नाही, पोलीस आले नाहीत. किंमत घराने आणि समाजाने वसूल केली. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह चार-साडेचार वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. एकाच संसारात पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. १९०० मध्ये त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला, पण आपल्या विचाराने आणि आपल्या वेळेला. ‘स्मृतिचित्रे’मधला विनोद वाचकांना आठवतो, त्यामागची ताटातूट तेवढी आठवत नाही.

तेव्हा कायदा कोणाच्या बाजूने होता?

काही प्रमाणात धर्म बदलणाऱ्याच्या. १८५० च्या जातीविषयक कायद्याने ठरवले होते, की धर्म सोडला किंवा जातीबाहेर टाकले म्हणून कुणाचा वारसाहक्क जाणार नाही. आजच्या हिंदू वारसा कायद्यातही धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा वाटा अबाधित आहे. मात्र धर्मांतरानंतर जन्मलेली त्याची मुले हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेवर वारस म्हणून दावा करू शकत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर कायद्याचा रोख बदलला. मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये बळजबरी, फसवणूक किंवा आमिषाने होणाऱ्या धर्मांतरावर बंदी घातली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्टॅनिस्लॉस खटल्यात हा कायदा वैध ठरवला. घटनेच्या अनुच्छेद २५ मधील ‘प्रचार’ म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात नाही, असे पीठाने म्हटले. २००० मध्ये वेगळे राज्य होताना छत्तीसगडकडे हाच कायदा आला. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये नवा, अधिक कडक कायदा केला. त्यानुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे ६० दिवस आधी कळवायचे आणि धर्मांतर बेकायदा नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे.

गोंदियाचा यात काय संबंध?

जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. सोयरीक, बाजार, मजुरी सारे सीमेपलीकडे चालते. महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘लव्ह जिहाद’ आणि सक्तीच्या धर्मांतराविरोधात कायदा सुचवण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची समिती नेमली.

बळजबरीने किंवा फसवून धर्म बदलायला लावणे हा गुन्हाच असायला हवा, यावर वाद नाही. अडचण पूर्वसूचनेची आहे. शहरात ती कागदाचा एक तुकडा ठरेल. शंभर उंबऱ्यांच्या गावात मात्र भावकीला आणि जातपंचायतीला दबाव आणायला मिळालेले ते दोन महिने असतात.

दाखल्याचे काय होते?

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध व्यक्तींनाच मिळतो. गोंदियात बौद्ध वस्ती मोठी आहे. एकाच मोहल्ल्यात, एकाच मूळ जातीतील बौद्ध घराला मिळणारे आरक्षण शेजारच्या ख्रिस्ती घराला मिळत नाही. जातीच्या नावाने होणारी हेटाळणी मात्र दोघांच्याही वाट्याला येते. या प्रश्नावर केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. देवरी-सालेकसा पट्ट्यातील गोंड किंवा हलबा कुटुंबाला हा नियम लागू नाही. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नसतो. तो धर्मांतरितांकडून काढून घ्यावा, अशी ‘डीलिस्टिंग’ची मागणी त्यामुळेच पुढे येते.

मृत्यूनंतर तरी जागा मिळते का?

बस्तरच्या छिंदवाडा गावातील एका ख्रिस्ती धर्मगुरूचे ७ जानेवारी २०२५ रोजी निधन झाले. गावात दफनाला विरोध झाला. मुलगा आधी उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या मते दफन कुटुंबाच्या खासगी जमिनीत करू द्यायला हवे होते, न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या मते ते नेमून दिलेल्या दफनभूमीतच व्हावे. मृतदेह तीन आठवडे शवागारात होता. त्यामुळे प्रकरण मोठ्या पीठाकडे न पाठवता वीस-पंचवीस किलोमीटरवरील करकापाल येथील ख्रिस्ती दफनभूमीत, पोलीस बंदोबस्तात दफन करण्याचा आदेश पीठाने दिला. गावात त्याच कुटुंबातील आधीच्या पिढीच्या कबरी आहेत.