मोबदल्याला स्वयंसेविका, रेशनला कमावती

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात एखाद्या वाडीवर बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, की आशाताईंची पायपीट सुरू होते. तिसरा दिवस, सातवा, चौदावा असं करत बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी. बाळाचं वजन करायचं, ताप पाहायचा, नाळ कोरडी आहे ना ते बघायचं. सहाही भेटींचे मिळून 250 रुपये.

सरकारदरबारी आशा कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. त्यामुळे तिला पगार नाही, किमान वेतनही नाही. मिळतो तो मोबदला. रेशनकार्डाचा विषय निघाला, की मात्र हाच मोबदला कुटुंबाच्या उत्पन्नात धरला जातो. गोची इथेच आहे.

हिशेब बघा. अन्नसुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे 44 हजार रुपये, तीही 2013 मध्ये ठरलेली. संप आणि आझाद मैदानावरच्या आंदोलनानंतर मार्च 2024 मध्ये राज्य सरकारने आशांना दरमहा 5 हजारांची वाढ दिली. वर्षाचे झाले 60 हजार. नुसत्या वाढीनेच मर्यादा ओलांडली. आधीचा मोबदला आणि नवऱ्याची रोजंदारी अजून धरलेलीच नाही. विधवा आशाताईंची स्थिती आणखी अवघड. संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा 21 हजार, म्हणजे या वाढीचे जेमतेम चार महिने.

सगळेच नियम इतके आखूड नाहीत. लाडकी बहीण योजनेत मर्यादा अडीच लाखांची आहे आणि त्या उत्पन्नाच्या आतल्या स्वयंसेवी कामगारांना शासन निर्णयानेच पात्र ठरवलं. आयुष्मान भारतमध्ये 2024 पासून सर्व आशा आणि अंगणवाडी सेविकांना घेतलं, तेही उत्पन्न न विचारता. म्हणजे मनात असलं, की सरकारला वाट सापडते.

याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून गावच्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्यामुळे आशांच्या कामाचं मोल नगरकरांना नव्याने सांगायला नको.

रेशनची मर्यादा महागाईप्रमाणे वाढायला हवी. ती वाढेपर्यंत आशांचा मोबदला कुटुंबाच्या उत्पन्नातून वगळावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरेसा आहे.