परागाची बरणी घेण्याआधी

मैत्रिणींनो, मध आपल्या ओळखीचा. पण हल्ली प्रदर्शनात आणि मोबाइलवर मधाच्या शेजारी आणखी एक बरणी दिसते, पिवळ्या-नारिंगी दाण्यांची. नाव ‘बी पोलन’, म्हणजे मधमाशीने गोळा केलेला पराग. ‘रक्त वाढतं, थकवा जातो, गुडघेदुखी थांबते’ असं सांगून ती विकतात. बरणी काही स्वस्त नसते. म्हणून घरात आणण्याआधी, आणि आपल्या गटाच्या स्टॉलवर ठेवण्याआधी, नीट समजून घेऊ या.

हे दाणे येतात कुठून?
माशी फुलातला पराग थोड्या मकरंदात कालवून त्याची गोळी करते आणि मागच्या पायांवरून पेटीत आणते. पेटीच्या दाराशी बारीक भोकांची जाळी लावली की आत शिरताना गोळ्या खाली पडतात. हा खरं तर तिच्या पिल्लांचा घास. म्हणून जाणता मधपाळ जाळी कायम लावून ठेवत नाही.

खरा धोका ओलाव्याचा
ताज्या परागात शंभरातले २० ते ३० भाग पाणी असतं. तो लगेच मंद उष्णतेवर वाळवला नाही तर बुरशी धरतो. ओलसर शेंगदाण्याचं होतं ना, तसंच. बुरशीचं विष नंतर ऊन दाखवून जात नाही.

घेताना काय बघायचं?
- दाणे सुटे आणि कोरडे हवेत. बरणी हलवली की खळखळले पाहिजेत. गोळा झालेले, चिकट किंवा कुबट वासाचे दाणे नकोत.
- दाण्यांत माशीचे पंख, पाय, माती नको.
- बरणी हवाबंद हवी. तिच्यावर १४ अंकी एफएसएसएआय नंबर, पॅकिंगची तारीख, वापरण्याची मुदत आणि पत्ता हवा. नंबर खरा आहे का, ते ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर बघता येतं.
- विकणाऱ्याला विचारा, पेट्या कुठे ठेवल्या होत्या? पिकावर फवारलेलं कीटकनाशक परागातही उतरतं. ते डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही. पाण्यात टाकून किंवा काडी लावूनही कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं, म्हणून तपासणीचा अहवाल मागा.
- ‘रोग बरा करतो’ असं लिहिलेलं असेल तर बरणी खाली ठेवा. खाण्याच्या वस्तूवर असा दावा करायला कायद्याची परवानगी नाही.

कोणी खाऊ नये?
दमा असेल, परागाची किंवा मधमाशीच्या डंखाची अ‍ॅलर्जी असेल, तर खाऊच नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी आणि लहान मुलांना टाळलेलंच बरं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. खाल्ल्यावर अंगाला खाज सुटली, ओठ सुजले, श्वास लागला, तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

आणि रक्त वाढतं का?
जरा हिशोब करू. एक चमचा पराग म्हणजे साधारण ५ ग्रॅम. त्यात प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम. एका अंड्यात ती ६ ग्रॅमच्या आसपास असतात. लोहाचंही तसंच. उपकेंद्रात फुकट मिळणाऱ्या मोठ्यांच्या गोळीत ६० मिलीग्रॅम लोह असतं. चमचाभर पराग त्याच्या पासंगालाही पुरत नाही. ‘पराग चालू केला, आता गोळी नको’ असं कुणी म्हणत असेल तर तिला थांबवा. गोळी बंद केली की नुकसान तिच्या अंगावर येतं, आणि गरोदर असेल तर बाळाच्याही. आशाताईंना विचारून हिमोग्लोबिन तपासून घ्या.

गटाला हा धंदा करायचा असेल तर?
जरूर करा, पण शिकून करा. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचं मध संचालनालय या दोन ठिकाणी चौकशी करा. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, तिथला अनुभवही पाहण्यासारखा आहे. आधी नोंदणी, मग वाळवण आणि तपासणी, मगच विक्री. आणि लेबलवर खरं तेवढंच लिहा. एका बरणीने कुणाला त्रास झाला, तर नाव पूर्ण गटाचं जातं.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय पाच मिनिटं घ्या. कुणाच्या घरी अशी बरणी असेल तर सोबत आणायला सांगा आणि वरच्या यादीप्रमाणे सगळ्या मिळून तिचं लेबल वाचा.