बिबळ्या : उसाच्या क्षेत्रातील अनुकूलन

विशिष्ट परिस्थितीत जगण्यास व प्रजोत्पादनास उपयुक्त ठरणारी सजीवाची संरचना, शरीरक्रिया अथवा वर्तन म्हणजे अनुकूलन होय. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील बिबळ्याचे (बिबट्याचे) वास्तव्य हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

बिबळ्याच्या अंगावरील ठिपक्यांच्या वर्तुळांमुळे छायाप्रकाशात त्याची आकृती पुसट होते. डोळ्यांतील परावर्तक स्तरामुळे त्याला अंधुक प्रकाशातही दिसते. भक्ष्याविषयी तो फारसा चोखंदळ नसतो. हे गुण नैसर्गिक निवडीने दीर्घ काळात आलेले व आनुवंशिक आहेत.

उसाचा आश्रय मात्र अलीकडचा आहे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे ह्या धरणांमुळे येथे बागायत वाढली. ऊस शेतात १२ ते १८ महिने उभा राहत असल्याने दाट आडोसा मिळतो. पाणी जवळ असते आणि वस्त्यांभोवती कुत्री, शेळ्या व डुकरे असतात. लगतच्या अकोले तालुक्यातील बिबळ्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात (२०१४) एकूण भक्ष्यात वजनाने सु. ८७ टक्के पाळीव प्राणी आढळले. त्यांत कुत्र्यांचा वाटा सु. ३९ टक्के होता. थोड्या पिढ्यांत घडलेला हा बदल आनुवंशिक नसून मुख्यत्वे वर्तनाच्या लवचिकतेचा आहे. माद्या उसातच वितात व पिले तेथेच शिकार शिकतात.

ह्या सान्निध्यात माणसांचे, विशेषतः लहान मुलांचे, बळी गेले आहेत. २००१ पासून जुन्नर वन विभागात बिबळे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार (२०११) तेथील माणसांवरील हल्ल्यांचे प्रमाण त्यानंतर वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. परिचित क्षेत्रापासून तोडलेला प्राणी नव्या ठिकाणी बुजतो आणि रिकाम्या क्षेत्रात दुसरा बिबळ्या येतो. पकडलेल्या काही बिबळ्यांना जुन्नरजवळील माणिकडोह येथील निवारा केंद्रात ठेवले जाते.

ऊसतोडीत सापडलेली पिले त्याच जागी ठेवून मादीला परत मिळू देणे, गोठे बंदिस्त करणे, उघड्यावर कचरा न टाकणे व अंधारात मुलांना एकटे न सोडणे हे उपाय उपयुक्त ठरतात. प्राण्याने परिस्थितीशी जुळवून घेतले असताना मनुष्यालाही आपल्या सवयी बदलणे क्रमप्राप्त आहे.